बेपारी, जमात, रयत

माझे आजोळ हरिहरेश्वरचे आणि वडिलांचे गाव सावित्रीच्या पलीकडे, मंडणगड तालुक्यात. लहानपणी मधली खाडी होडीतून ओलांडावी लागे; आता बागमांडला आणि वेसवी यांच्या दरम्यान मोटारी पोटात घेऊन जाणारी फेरीबोट चालते. आजी त्या पाण्याला खाडी न म्हणता हद्द म्हणत असे. पलीकडे 'इंग्रजी', अलीकडे 'हबसाण'. कुलाबा जिल्हा हे नाव तिच्या तोंडी कधी बसले नाही, आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचा रायगड झाला तेव्हा ती हयात नव्हती. तिचा भूगोल चुकीचा होता असे मात्र म्हणता येणार नाही. बाणकोट इंग्रजांच्या हाती गेले ते १७५६ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडण्याच्या सहा दशके आधी. आणि श्रीवर्धन, म्हसळे, मुरूड हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाकडे राहिला तो थेट १९४८ पर्यंत. त्याच वर्षी माझा जन्म झाला. मी हबसाणात जन्मलो की मुंबई प्रांतात, याविषयी घरात थट्टेने वाद होत असे.

हबसाण म्हणजे हबशांचा मुलूख. हा शब्द आपण इतका वापरून गुळगुळीत केला आहे की त्यात आफ्रिका आहे हे आपल्याला ऐकू येत नाही. आफ्रिकेतून गुलाम, खलाशी, सैनिक म्हणून आलेल्या माणसांच्या वंशजांनी या किनाऱ्यावर तीन शतके राज्य केले. त्यांच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथ भटांना श्रीवर्धन सोडावे लागले अशी परंपरागत हकीकत आहे, आणि त्यांच्यावर १७३३ मध्ये बाजीरावाने मोहीम काढली. आपल्या बखरींत आणि शालेय पुस्तकांत सिद्दी येतो तो शत्रू म्हणून. आफ्रिकी म्हणून तो येत नाही. मराठी वाचकाची 'आफ्रिका' मात्र निराळ्याच वाटेने, इंग्रजी पुस्तकांतून आली: अरण्य, मिशनरी, सोने, सिंह. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला (१८९०), तेव्हा हबशी सरदाराची शोकांतिका रचण्यासाठी मराठी रंगभूमीला व्हेनिसला जाण्याची गरज नव्हती. मुंबईहून गलबताने दोन दिवसांत ती दंडाराजपुरीला पोचली असती. हे विषयांतर झाले. पण आपली वासाहतिक घडण कोठे मुरली आहे याचा शोध घेताना अशी विषयांतरे उपयोगी पडतात.

माझ्या आईचे वडील नवाबाच्या कचेरीत कारकून होते. आफ्रिकी वंशाचा राजा, त्याच्यावर इंग्रज सत्तेची छत्री, आणि खाली दप्तर सांभाळणारा चित्पावन कारकून, अशी ती उतरंड होती. त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे माझे मामा, १९५२ मध्ये दार-एस-सलामला गेले. तेथे ते एका भारतीय पेढीवर हिशेबनीस झाले. या वेळी उतरंड फिरली: वर इंग्रज, मध्ये गुजराती पेढीवाला आणि त्याचा मराठी कारकून, तळाशी आफ्रिकी माणूस. एकाच घरात दोन पिढ्यांत हे घडले, आणि दोन्ही वेळा आम्ही मधल्या पायरीवरच राहिलो. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या कोकणी मुसलमान घरांतले लोक त्याहूनही आधी केप टाउनपर्यंत गेले होते. त्यांच्याकडे हा इतिहास अधिक श्रीमंत आहे, आणि तो मराठीत जवळजवळ लिहिला गेलेला नाही.

मामांच्या पत्रांतून मला स्वाहिली शब्द कळू लागले. भाषाशास्त्र त्यांना ठाऊक नव्हते. पण हिशेबनिसाचा कान तीक्ष्ण असतो. तिकडे सरकारला 'सेरिकाली' म्हणतात, विम्याला 'बिमा', गाडीला 'गारी', हिशेबाला 'हेसाबू', कारकुनाला 'करानी', हे ते मोठ्या गमतीने कळवीत. पुढे जेव्हा मी ज्युलिअस न्येरेरे यांच्या समाजवादाविषयी गंभीरपणे वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की त्या समाजवादाचे तीन आधारशब्द आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला कोशाशिवाय कळतात.

पहिला 'उजामा'. ५ फेब्रुवारी १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर हा शब्द जगभर गेला. आपण त्याचे भाषांतर आफ्रिकी समाजवाद असे करतो. 'जामा' म्हणजे नातलग, कुटुंब. 'उ' लावला की भाववाचक नाम होते. मूळ अरबी धातू तोच, ज्याच्यापासून आपल्याकडे जमात, जमाव आणि जमाखर्चातली जमा हे शब्द आले. दुसरा 'उबेपारी', म्हणजे भांडवलशाही. हा शब्द 'बेपारी' या भारतीय शब्दापासून घडलेला आहे. जगातल्या बहुतेक भाषांनी भांडवलशाहीचे नाव भांडवलावरून ठेवले. स्वाहिलीने ते माणसावरून, तेही समोरच्या दुकानात बसलेल्या आपल्या माणसावरून ठेवले. तिसरा शब्द 'राइया', नागरिक. हा आपला 'रयत'. आपल्याकडे रयत ही राजाची असते किंवा सरकारची असते. घटनेने आपल्याला नागरिक केले तेव्हा तो शब्द आपण मागे ठेवला आणि संस्कृतातून नवा घडवला. स्वाहिलीने जुनाच शब्द ठेवून त्याचा अर्थ वर उचलला. तो खरोखर किती वर उचलला गेला, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

न्येरेरे हे अनुवादक होते ही गोष्ट राजकीय अभ्यासक तळटीपेत टाकतात. मला ती मजकुरात घ्यावीशी वाटते. त्यांनी शेक्सपिअरचे 'ज्युलिअस सीझर' १९६३ मध्ये आणि 'मर्चंट ऑफ व्हेनिस' १९६९ मध्ये स्वाहिलीत आणले. दुसऱ्या नाटकाचे नाव त्यांनी ठेवले 'माबेपारी वा वेनिसी'. व्यापाऱ्याला स्वाहिलीत निराळा, निरुपद्रवी शब्द उपलब्ध होता. त्यांनी 'बेपारी' निवडला आणि तोही अनेकवचनी. म्हणजे शेक्सपिअरच्या शीर्षकातला एकटा अँटोनिओ नाहीसा झाला, आणि ख्रिस्ती व्यापारी व ज्यू सावकार हे दोघे एकाच वर्गनामाखाली आले. शायलॉकला वेगळा काढून त्याच्यावर सगळे पाप लोटण्याची जी सोय मूळ नाटक प्रेक्षकाला देते, ती या एका अनेकवचनाने काढून घेतली. भाषांतर हे समीक्षेचे सर्वांत कठोर रूप असू शकते याचे इतके नेमके उदाहरण माझ्या पाहण्यात थोडेच आहे. आगरकरांच्या 'विकारविलसिता'पासून (१८८३) आपल्याकडे शेक्सपिअरच्या भाषांतरांची चर्चा झाली ती प्रामुख्याने रसहानी, प्रासादिकता, मूलनिष्ठा या अंगांनी. शीर्षकातला एक शब्द समाजव्यवस्थेवर आरोपपत्र ठेवू शकतो, हा विचार आपल्या भाषांतरचर्चेत अभावानेच आढळतो.

पण त्या शीर्षकाची दुसरी बाजूही आहे. १९६९ मध्ये दार-एस-सलामच्या रस्त्यावर 'बेपारी' म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे व्हेनिस येत नव्हते; भारतीयांची वस्ती येत होती. वर्गाचे नाव आणि वंशाचे नाव एकमेकांना चिकटले होते. ही चिकटवणूक न्येरेरे यांनी केलेली नव्हती. कोणी जमीन घ्यायची, कोणी दुकान मांडायचे, कोणी ओझे उचलायचे, हे कातडीच्या रंगावरून ठरवणारी व्यवस्था वसाहतीने उभी केली होती. भाषेने तिची केवळ नोंद घेतली. न्येरेरे स्वतः वर्ग आणि वंश यांची गल्लत होऊ देऊ नये असे वारंवार बजावीत. युगांडात १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत हाकलले. टांझानियात १९७१ च्या कायद्याने एक लाख शिलिंगांहून अधिक किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारती ताब्यात घेतल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य भारतीयांच्या होत्या. तरी कायद्याच्या भाषेत वंश नव्हता. हा फरक लहान नाही. मामांच्या मालकाची इमारत गेली. मामा तिच्यात भाडेकरू होते, ते सरकारचे भाडेकरू झाले. नातलगांनी हळहळून विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असे: 'आपण बेपारी नव्हतो रे, बेपाऱ्याचे करानी होतो.'

या वाक्यात विनय आहे असे मला अनेक वर्षे वाटत आले. आता वाटते की त्यात पळवाटही आहे. फ्रान्झ फॅनन यांनी १९६१ मध्ये नवस्वतंत्र देशांतल्या ज्या मध्यस्थ वर्गाविषयी इशारा दिला, तो दोन पायांवर उभा असतो. एक पाय गल्ल्यावर आणि दुसरा दप्तरात. एंगूगी वा थिओंगो यांच्या 'वीप नॉट, चाइल्ड' (१९६४) या कादंबरीचा नायक शिक्षणाची सगळी स्वप्ने मोडल्यावर अखेर एका भारतीयाच्या दुकानात कामाला लागतो. ते पान पहिल्यांदा वाचताना मी त्या मुलाच्या बाजूने होतो. दुसऱ्यांदा वाचताना दुकानात आत, वहीवर वाकून बसलेला माणूस कोण असेल, हा प्रश्न पडला. कादंबरीत त्याच्यासाठी जागा नाही आणि ती असावी अशी माझी तक्रारही नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

१९७५ मध्ये, आणीबाणीच्या काही महिने आधी, मी एका त्रैमासिकात 'उजामा' या विषयावर दीर्घ लेख लिहिला. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, महाविद्यालयात नव्याने लागलेला अध्यापक होतो. सेवा दलाच्या शिबिरांत वाढलेला, आवडीच्या समाजवादी समाजरचनेवर विश्वास उरला नाही पण समाजवादावरचा सोडवत नाही, अशा अवस्थेत असलेला. रशियाची वाट नको, चीनची नको, आणि नेहरूंची मिश्र वाट तर डोळ्यांसमोर फसलेली. अशा वेळी एक शाळामास्तर आपल्याच भाषेत, आपल्याच कुटुंबसंस्थेतून समाजवाद घडवतो आहे, ही कल्पना मोहात पाडणारी होती. लोक त्यांना 'म्वालिमू' म्हणत, म्हणजे गुरुजी. साने गुरुजींच्या महाराष्ट्रातल्या तरुणाला आणखी काय हवे होते? लेख बरा गाजला. पुढे तो एका संपादित पुस्तकात घेतला गेला आणि काही वर्षे पदव्युत्तर वर्गांच्या पूरक वाचनातही होता.

त्या लेखात मी लिहिले होते की टांझानियातील शेतकरी विखुरलेल्या वस्त्या सोडून उजामा खेड्यांत स्वेच्छेने एकत्र येत आहेत. हे लिहिताना माझ्या टेबलाच्या खणात मामांचे एक निळे हवाई पत्र होते. तारीख ऑक्टोबर १९७४. तोवर पेढी आटोपली होती आणि मामा एका सरकारी महामंडळात हिशेब पाहत. त्या कामासाठी शिन्यांगाच्या कापूसमुलखात ते महिनाभर फिरले होते. त्यांनी जे पाहिले ते लिहिले: ट्रक येतात, कागदावर आखलेल्या जागी माणसे उतरवली जातात, मागे राहिलेल्या घरांची छपरे काढतात, म्हणजे कोणी परतू नये. काही ठिकाणी जाळतात. नवी जागा रस्त्यालगत असते, पण शेत तीन कोस मागे राहते. पाऊस तोंडावर आला आहे. पुढे एक वाक्य होते, ते मी अनेक वेळा वाचले: 'आपल्याकडचे खोत वाईट, पण कुळाला त्यांनी असे हलवले नसते, कूळ हलले तर शेत कसणार कोण?'

हे पत्र मी वापरले नाही. एका कारकुनाचे निरीक्षण म्हणजे पुरावा नव्हे, असे मी स्वतःला सांगितले. पाश्चात्त्य वृत्तपत्रे हेच म्हणत होती, त्यांच्या हाती कोलीत द्यायचे नाही, असेही सांगितले. दोन्ही कारणे वरवर पाहता चुकीची नव्हती.

आज जे ठाऊक आहे ते असे. ६ नोव्हेंबर १९७३ रोजी न्येरेरे यांनी खेड्यांत राहणे ही आता आज्ञा आहे असे जाहीर केले, आणि १९७३ ते १९७६ या काळात किमान ५० लाख माणसे हलवली गेली. मोहिमेचे नाव 'ऑपरेशन विजिजी'. 'विजिजी' म्हणजे खेडी. नाव पाहा: त्यातून 'उजामा' गळून गेला आहे. सामूहिक शेती, समाईक मालकी, कुटुंबभाव हे सगळे पुढे केव्हातरी. आधी रांगेत घरे. राज्ययंत्रणेने स्वतःच शब्द बदलला होता, आणि मी, भाषेचा अभ्यासक म्हणवणारा, प्रत्येक ठिकाणी त्याचे भाषांतर 'उजामा' असेच करीत होतो. मामांच्या पत्रातही 'उजामा' शब्द एकदाही नाही. त्यांनी 'वसाहत' हा शब्द वापरला आहे, सरकारी वसाहत या अर्थाने. कॉलनी या अर्थाचा तोच मराठी शब्द त्यांच्या लेखणीतून सहज उतरला.

आणखी एक गोष्ट तेव्हाही कळण्यासारखी होती. रुवुमा भागात लितोवा आणि आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी आपण होऊन सहकारी वस्त्या उभ्या केल्या होत्या; स्वतःची शाळा, स्वतःची गिरणी, निर्णय सभेत. न्येरेरे यांच्या उजामाविषयीच्या विचारांना आकार येण्यात या प्रयोगाचा वाटा होता. १९६९ मध्ये सत्ताधारी पक्षानेच ती संघटना विसर्जित केली. स्वेच्छेने झालेला उजामा पक्षाला चालला नाही. चार वर्षांनी तोच पक्ष ट्रक घेऊन निघाला.

याला न्येरेरे यांची व्यक्तिगत शोकांतिका म्हणून सोडून देणे सोपे आहे, आणि ते प्रामाणिक गृहस्थ होते म्हणून अधिकच सोपे. १९८५ मध्ये त्यांनी स्वतःहून अध्यक्षपद सोडले. आफ्रिकेत किंवा आपल्याकडेही हे किती जणांनी केले? परंतु प्रश्न यंत्रणेचा आहे. सरकारला इतकी माणसे हलवण्याचा अधिकार कोठून मिळाला? तो समाजवादातून मिळाला नव्हता. जर्मनांनी १८९५ च्या फर्मानाने मालकी सिद्ध न होणारी जमीन राजसत्तेची ठरवली. इंग्रजांनी १९२३ च्या भूमी-अध्यादेशाने टांगानिकाची सर्व जमीन सार्वजनिक ठरवून गव्हर्नरच्या नियंत्रणाखाली आणली. स्वातंत्र्यानंतर हा अधिकार अध्यक्षाकडे आला. जमीन आधीच 'सर्वांची' होती, म्हणून ती समाजवादी करण्यास कष्ट पडले नाहीत. आणि ती सर्वांची असणे म्हणजे कोणाचीच नसणे, हा वासाहतिक अर्थही तिच्याबरोबर आला. विखुरलेला शेतकरी मागासलेला, त्याला एका ओळीत आणला पाहिजे, ही श्रद्धाही जुनीच. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांनी त्याच देशात भुईमुगाची प्रचंड योजना काढली होती, ट्रॅक्टर आणि नकाशे घेऊन. १९५१ मध्ये ती सोडून द्यावी लागली. जेम्स स्कॉट यांनी 'सीइंग लाइक अ स्टेट' (१९९८) या ग्रंथात वासाहतिक शेतीखाते आणि स्वतंत्र टांझानियाचे नियोजन यांच्यामधला हा धागा तपशिलाने दाखवला आहे. त्यांच्या आधी, आतूनच, इसा शिवजी यांनी डाव्या भूमिकेवरून दाखवले होते की राष्ट्रीयीकरणानंतर सत्ता कामगारांकडे न जाता नोकरशाहीतल्या नव्या वर्गाकडे गेली. शिवजी भारतीय वंशाचे. त्यांची पुस्तके मी वाचली ती फार उशिरा.

आपल्याकडे पाहू. १८९४ चा भूसंपादन कायदा आपण २०१३ पर्यंत तसाच ठेवला. २००८ च्या सप्टेंबरमध्ये याच रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या २२ गावांत, विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही यावर शेतकऱ्यांचे मतदान घेतले गेले, तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याच्या तोंडून 'सरकारची जमीन सरकार नेणार' हे शब्द मी ऐकले. आपण कर भरणारी रयत आहोत आणि जमीन धन्याची, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. टांझानियाचा 'राइया' आणि पेणचा हा शेतकरी यांच्यात शब्दार्थाचे अंतर मोठे. ट्रकच्या अंतराने मोजले तर फार नाही.

त्या १९७५ च्या लेखात मी आणखी एक गोष्ट लपवली होती, आणि ती पहिलीहून लाजिरवाणी आहे. तुलनेसाठी मी कोकणातल्या खोतीचा परिच्छेद घातला होता: अर्धेल, वेठ, कुळांची अगतिकता, चरीचा १९३३ पासून सहा वर्षे चाललेला शेतकऱ्यांचा संप, डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मांडलेले खोती निर्मूलनाचे विधेयक. हे सर्व बिनचूक होते. वडिलांचे घराणे खोताचे होते, हे मी लिहिले नाही. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच मंडणगड तालुक्यातले, हेही लिहिले नाही. लिहिले असते तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता. खोत हे मुळात सारा गोळा करणारे मक्तेदार. इंग्रजी न्यायालयांनी आणि १८८० च्या खोती कायद्याने त्यांच्या हक्कांना जे लेखी, टणक रूप दिले ते आधी तसे नव्हते. म्हणजे आमचे खोतपणही बऱ्याच अंशी वासाहतिक दप्तराने घडवलेले. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळे मालक झाली, आणि वडील त्या दिवसाविषयी आयुष्यभर एक अक्षर बोलले नाहीत. मी समाजवादी झालो तो त्या मौनाच्या विरोधात. पण ज्या घरातून मला इंग्रजी, पुस्तके आणि त्रैमासिकात लिहिण्याची ऐट मिळाली, त्याचा पैसा कोठून आला हे सांगण्याइतका मी समाजवादी नव्हतो. अमिल्कार काब्राल यांनी १९६६ मध्ये हवानाच्या भाषणात वसाहतीतल्या मध्यमवर्गाने वर्ग म्हणून आत्महत्या करावी असे सुचवले होते. मी ते वाक्य लेखात उद्धृत केले होते. उद्धृत करणे आत्महत्येपेक्षा सोपे असते.

१९९० नंतर आपल्या विद्यापीठांत उत्तर-वसाहतवादी सिद्धान्ताचे वारे आले, तेव्हा मीही त्यात होतो. एंगूगींचे 'डीकॉलनायझिंग द माइंड' (१९८६) आणि नेमाड्यांचा देशीवाद शेजारी ठेवून किती शोधनिबंध लिहिले गेले, त्यांतले दोन माझे आहेत. ते निबंध मागे घ्यावेत इतके वाईट नाहीत. पण त्यांत मातृभाषा ही जणू वसाहतपूर्व झऱ्यासारखी शुद्ध वाहते आहे असे गृहीत होते. प्रमाण स्वाहिली कोणती असावी हे १९३० मध्ये स्थापन झालेल्या वासाहतिक भाषासमितीने ठरवले; झांझिबारची बोली निवडली गेली, मोंबासाची मागे राहिली. त्याच्या शंभर वर्षे आधी, १८३१ मध्ये, मोल्सवर्थचा कोश निघाला, आणि कँडीच्या हाताखालून मराठी गद्य विरामचिन्हांसकट नवी शिस्त घेऊन बाहेर पडले; पुणे आत आले आणि आजीचे हबसाण 'प्रांतिक' झाले. ज्या भाषेने मन निर्वासाहतिक करायचे, तिची घडी वसाहतीच्या इस्त्रीने बसवलेली आहे. म्हणून ती टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. दुसरी आणायची कोठून? न्येरेरे यांनी त्याच घडी बसवलेल्या स्वाहिलीत समाजवाद लिहिला, शेक्सपिअर लिहिला, आणि शंभराहून अधिक भाषांच्या देशाला, आपल्याला जमले नाही अशा रीतीने, एकमेकांशी बोलायला लावले. टांझानियातल्या समाजवादाचे जे टिकले ते हे. खेडी बरीचशी विस्कटली.

मामा १९८६ मध्ये कायमचे परतले आणि हरिहरेश्वरला राहिले. सकाळी आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, हा क्रम; भरती-ओहोटी पाहून आठवड्यातून एकदा खडकांवरून प्रदक्षिणा. न्येरेरे यांच्याविषयी त्यांनी शेवटपर्यंत वाकडा शब्द काढला नाही. १४ ऑक्टोबर १९९९ ला ते गेल्याची बातमी आली तेव्हा मामा दिवसभर जेवले नाहीत. त्या संध्याकाळी मी धीर करून विचारले की माझा जुना लेख त्यांनी वाचला होता का. वाचला होता, कोणीतरी दार-एस-सलामला पाठवला होता, तेव्हाच. मग माझे पत्र, मी म्हणालो. 'ते तू घेतले नाहीस, ते दिसलेच,' ते म्हणाले. राग नव्हता. थोड्या वेळाने, जणू वहीत चूक दाखवावी तसे म्हणाले, 'तुझ्या लेखात जमा आहे, खर्च कुठेच लिहिलेला नाही.' आणि लगेच, उजामातली जामा आणि जमाखर्चातली जमा एकच बरं का, असे सांगू लागले. हे ते मला चाळीस वर्षे सांगत आले होते.

मामांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आजोळच्या घराचे छप्पर उडाले, वाडीतल्या बहुतेक सुपाऱ्या आडव्या झाल्या. माळ्यावरची पत्र्याची पेटी भिजली म्हणून उघडली, तिच्यात माझे १९७० नंतरचे कागद निघाले आणि त्यांत ते पत्र. शाई पसरली आहे, पण वाचता येते. लेखाचा तो परिच्छेद आता दुरुस्त करायचा तर कोठे करणार. ते पुस्तक छापणे केव्हाच बंद झाले आहे. म्हणून पत्रातला मजकूर येथे दिला.

दिला नाही तो दुसऱ्या बाजूचा. तेथे शिन्यांगा नाही. श्रीवर्धनी रोठ्याला यंदा काय भाव आला, पाटाचे पाणी शेवटच्या रांगेपर्यंत पोचते का, आणि आईचा गुडघा कसा आहे, हे विचारले आहे.